तीच फाइल

एकतीस मतं.
चार हजारांच्या सभागृहात सोळा माणसं
उठून पलीकडच्या खुर्च्यांवर बसली असती,
तर सतराव्या मजल्यावरची ही खोली त्याची असती
आणि आम्ही कुठल्यातरी विमानतळावर
गुंडाळलेले फलक उशाला घेऊन झोपलो असतो.

कॅन्सस सिटी. जुलै. न उघडणारी खिडकी.
इस्त्रीच्या फळीवर मी फाइल मांडली आहे:
अँब्रोज टिबोडो, लुईझियानाचा गव्हर्नर,
कोळंबीवाल्याचा मुलगा,
पानं चारशे सहा.

ही मीच रचली, हिवाळाभर.
तेव्हा आम्ही तिला दारूगोळा म्हणायचो.
हेच कर्ज, हाच पहिला घटस्फोट,
हीच सत्त्याऐंशीची रात्र, जेव्हा त्याने पिऊन
बोट धक्क्यावर चढवली
आणि पोलिसाला भावाचं नाव सांगितलं.
आयोवात यातलंच एक पान चौघडी करून
मी एका वार्ताहराच्या खिशात सरकवलं होतं.

आता फक्त कव्हर बदललं.
'कचरतो' खोडून मी लिहिते 'विचारी'.
'हट्टी' तसंच ठेवते. हट्टी चालतं, नोव्हेंबरपर्यंत.
सोयरीक जुळवतानाही कुणी विचारत नाही
इतकं विचारायचं आहे:
दात, देणी, झोपेच्या गोळ्या,
आणि तुमचं वाईट व्हावं असं वाटणारं
घरातलं कोणी.

सिग्रिड हालवर्सन पलंगाच्या कडेला
बूट न काढता सफरचंद खाते आहे.
"तो मला काय म्हणाला होता, ओहायोत?"
तिला पाठ आहे. मलाही.
या बाईंना आयुष्यात कशासाठीही रांगेत उभं राहावं लागलेलं नाही.
"खरं होतं का ते?"
मी म्हणते, चौपन्न टक्क्यांना वाटलं.
ती एक बी दाताखाली फोडते.

युद्धात जिंकून तहात हरतात, हे ऐकून होते.
तहाला वास असतो हे माहीत नव्हतं:
हॉटेलचा साबण, गार झालेले तळलेले बटाटे.

तो सामानाच्या लिफ्टने आला,
मळक्या चादरींच्या गाडीला टेकून.
कॅमेरे पुढच्या दाराशी.
टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बुटका.
हात पुढे केला. तिने घेतला.
दोघांनी एकाच वेळी सोडला.

"ओहायोतलं ते..."
"राहू द्या."
"नाही, वाक्य चांगलं होतं," तो म्हणाला,
"चुकीच्या माणसावर खर्च झालं."

मग माझ्याकडे वळून:
"बोटीचं शोधून काढलं ते तुम्हीच ना?"
मी मान हलवली.
"म्हणजे माझ्या बायकोहून जास्त ओळखता मला.
तुम्ही घ्याल?"

फळीचा एक पाय लंगडा होता.
फाइल पडू नये म्हणून मी तिच्यावर हात ठेवला.
पान दोनशे बारा. ते मी कधीच वापरलं नाही,
कुणी नको म्हटलं नव्हतं तरी:
तोच भाऊ, ज्याचं नाव त्या रात्री पुढे केलं,
आता बॅटन रूजच्या एका इस्पितळात
कुणालाच ओळखत नाही.
दर गुरुवारी गव्हर्नर तिथे जातो,
त्याची दाढी करतो,
आणि येणाऱ्यांच्या वहीत
स्वतःचं नाव लिहितो.

मी म्हणाले, "हट्टी आहात."
तो हसला.
ती नाही हसली. ती त्याच्याकडे बघत होती,
रांगेत आपल्या पुढे उभ्या असलेल्या
माणसाकडे बघावं तशी.

पहाटे दोनला छापखान्याचा फोन.
त्याचं आडनाव एका अक्षराने लांब आहे,
फलकावर मावत नाही,
कुणाचा टाइप लहान करू?

दार बंद होतं. आतून आवाज येत होते,
मध्येच चढत, मध्येच बराच वेळ काहीच नाही.
मी म्हणाले, थांबा, विचारते.
आणि दारावर टकटक करायला
उचललेला हात
तसाच धरून उभी राहिले.